घरच्या वाय-फायच्या दोन किल्ल्या: नवशिक्यांनी एका संध्याकाळी करायचं काम

फायबरचं कनेक्शन घरात येतं तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच क्रम असतो. मुलगा येतो, जिन्यातल्या डक्टमधून बारीक वायर ओढतो, टीव्हीच्या मागे दोन स्क्रू मारून पांढरी डबी, म्हणजे राउटर, लटकवतो. "पासवर्ड काय ठेवू?" असं विचारतो आणि आपण विचार करत असतानाच घरातल्या कर्त्याचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. यूट्यूब चाललं की सही घेऊन पुढच्या घरी. त्याचं काम तिथे संपतं, आणि ते त्याने नीट केलेलंही असतं. आपलं काम मात्र तिथून सुरू व्हायला हवं, ते होत नाही. ती डबी वर्षानुवर्षं तशीच लटकत राहते.

आमच्या इमारतीत कुणाचं नेट अडलं की मला हाक मारतात. गेल्यावर मी पहिल्यांदा राउटरचा ॲडमिन पासवर्ड विचारतो, आणि जवळजवळ प्रत्येक घरात मला वाय-फायचा पासवर्ड सांगितला जातो. हे दोन वेगळे पासवर्ड आहेत हेच कुणी सांगितलेलं नसतं. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराची किल्ली: ती असली की आत येता येतं. ॲडमिन पासवर्ड ही दाराचं कुलूपच बदलू शकणारी किल्ली आहे. ती ज्याच्याकडे आहे तो वाय-फायचं नाव बदलू शकतो, पासवर्ड बदलू शकतो, तुमचे सगळे फोन नेटवर्कबाहेर काढू शकतो, किंवा काहीही न दाखवता तुमची इंटरनेटवरची ये-जा भलत्याच वाटेने वळवू शकतो. दोन्ही किल्ल्या घरात असाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

"आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" असं अनेक जण म्हणतात, आणि प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांना मी २००८ ची गोष्ट सांगतो. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या थोडा वेळ आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा पोचली नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकी माणसाने तो ई-मेल लिहिला नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून असेच ई-मेल गेले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांसाठी वाय-फायच्या सुरक्षित वापराबद्दल सूचना काढल्या. असं का घडू शकलं ते समजून घ्या. घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप, टीव्ही बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतो, आणि तो पत्ता तुमच्या नावावरच्या कनेक्शनचा असतो. जिन्यात बसून कुणी तुमचं वाय-फाय वापरलं, तरी कागदोपत्री ते तुम्हीच असता.

सुरुवात करण्याआधी

तासभर निवांत वेळ काढा. घरात कुणाची ऑनलाइन परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग चालू असताना हे काम काढू नका, कारण मधे दोन-तीनदा नेट बंद पडणार आहे.

राउटर उलटा करून मागच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर लॉगिनचा पत्ता, कंपनीने दिलेलं यूजरनेम, पासवर्ड आणि वाय-फायचं मूळ नाव छापलेलं असतं. हा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्थानिक केबलवाल्याकडून कनेक्शन घेतलं असेल तर अनेकदा ते 'पीपीपीओई' पद्धतीने चालतं: राउटरच्या आत एक यूजरनेम-पासवर्ड भरलेला असतो, तो रोज आपोआप लॉगिन करतो. काही ठिकाणी 'व्हीलॅन आयडी' नावाचा एक आकडाही लागतो. हे तिन्ही केबलवाल्याकडून मागून आधी लिहून ठेवा. हे न करता मी एकदा मावशीकडे राउटरचं रीसेटचं भोक दाबलं होतं. सगळं कोरं झालं, शनिवारची संध्याकाळ होती, आणि सोमवारी दुपारी माणूस येईपर्यंत त्या घरात नेट नव्हतं. म्हणून वहीत उतरवून होईपर्यंत रीसेटला हात लावायचा नाही.

शक्य असेल तर लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. वाय-फायवरूनच वाय-फायची सेटिंग बदलली की 'सेव्ह' दाबताक्षणी आपणच बाहेर फेकले जातो आणि नवशिक्या माणूस घाबरतो. केबल नसेल तरी काही बिघडत नाही. नवीन पासवर्ड टाकून पुन्हा जोडायचं, इतकंच.

डबी कुठे ठेवायची

सेटिंगच्या आधी जागा पाहा, कारण नेट अडकण्याच्या निम्म्या तक्रारी जागेच्या असतात. वाय-फायच्या लहरींना धातू आणि पाणी या दोन गोष्टी सर्वांत जास्त अडवतात. म्हणजे लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी, आणि भिंतीवरच्या टीव्हीची मागची बाजू. आपल्याकडे डबी नेमकी टीव्हीच्या मागेच असते, कारण जुन्या केबलची वायर तिथे आलेली असते. घराच्या मध्यभागी, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवली तर तीच डबी आतल्या खोलीपर्यंत पोचते. ॲन्टेना असतील तर त्या उभ्या ठेवा.

भिंतींचाही फरक पडतो. जुन्या वाड्यातली हातभर जाडीची भिंत किंवा कोकणातल्या घराची जांभ्याची भिंत ओलांडताना लहरी खूप क्षीण होतात. अशा दोन भिंती मधे आल्या तर एका राउटरने भागणार नाही, हे आधीच मान्य करा. नव्या फ्लॅटमधल्या पातळ भिंती सोप्या, पण सळईच्या काँक्रीटचे खांब आणि स्लॅब अवघडच. वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर हवा असेल तर तो मधे केबल ओढून जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा. केबल ओढणं अशक्य असेल तेव्हाच मेश संच (एकमेकांशी बिनतारी बोलणारे दोन-तीन राउटर) घ्या. भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायचे स्वस्त एक्स्टेंडर मी कुणाला सुचवत नाही: बहुतेक स्वस्त एक्स्टेंडर आलेला सिग्नल त्याच चॅनेलवर पुढे पाठवतात, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

फायबरची वायर हलवताना जपा. आत केसासारखी काच असते. बांगडीपेक्षा लहान वळण दिलं तर उजेड बाहेर सांडतो आणि नेट जातं. डबीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला तर दोष वायरीत आहे. सेटिंगमध्ये काही शोधत बसू नका, थेट तक्रार नोंदवा. आणि वायरीचं टोक सुटलं तर त्यात डोकावून पाहू नका, तो लेझरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

आत शिरायचं कसं

ब्राउझर उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. बऱ्याच राउटरांचा तो १९२.१६८.१.१ असतो, काहींचा १९२.१६८.०.१, जिओच्या डबीचा १९२.१६८.२९.१. तुमचा कोणता ते फोनमध्येच दिसतं: वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टॅप करा, तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' असं लिहिलेला आकडा तोच. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' लिहिलं की 'डिफॉल्ट गेटवे'समोर तो मिळतो.

हा पत्ता सर्चमध्ये टाकून शोधू नका. शोधनिकालांत राउटर दुरुस्त करून देतो म्हणणारे खोटे कस्टमर केअर नंबर दिसू शकतात, आणि ती माणसं फोनवर स्क्रीन शेअर करायला लावून बँकेचं खातं रिकामं करतात. पत्ता थेट पट्टीतच टाकायचा. पान उघडताना ब्राउझर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असं म्हणेल. इतर कुठल्याही साइटवर ही सूचना गंभीरपणे घ्या. इथे तुम्ही घरातल्याच डबीशी बोलत आहात, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या मोबाइल ॲपमधूनही वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. ज्यांना आतलं पान पाहून धडकी भरते त्यांनी तेवढं तरी ॲपमधून करावं. बाकीच्या गोष्टींसाठी मात्र आत जावंच लागतं.

पहिला बदल ॲडमिन पासवर्डचा

लॉगिन झाल्यावर इतर काही करण्याआधी 'सिस्टिम', 'ॲडमिनिस्ट्रेशन' किंवा 'मॅनेजमेंट' या नावाखाली शोधा आणि ॲडमिन पासवर्ड बदला. 'ॲडमिन-ॲडमिन' ही जोडी जगात सगळ्यांना पाठ आहे.

यातून किती मोठं नुकसान होऊ शकतं ते २०१६ मध्ये दिसलं. मिराई नावाचा एक घातकी प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याजवळ कसलंही अचाट तंत्र नव्हतं; कारखान्यातून निघताना घातलेल्या यूजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. ती यादी घेऊन तो दारोदार हिंडला आणि लाखो घरगुती कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी) आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ ला या यंत्रांनी मिळून एका मोठ्या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सोय) हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेतल्या बऱ्याच भागात काही तास उघडेनात. ज्यांची यंत्रं त्यात वापरली गेली त्या घरांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचं नेट नेहमीसारखंच चाललं होतं.

नवीन ॲडमिन पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवा. तो महिन्यातून एखाद्या वेळी लागेल, म्हणून लक्षात ठेवायची गरज नाही. वहीत लिहा आणि ती वही घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये हा सल्ला ऑफिससाठी ठीक आहे. घरातला चोर कपाटात शिरला तर त्याला राउटर नको असतो.

काही कंपन्या ॲडमिन पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत. ग्राहकसेवेला विचारा, आग्रह धरा. नाहीच मिळाला तर दोन ते तीन हजारांत दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वाय-फायच्या लहरींचे दोन पट्टे) चांगला राउटर मिळतो, तो कंपनीच्या डबीच्या लॅन पोर्टला जोडा आणि कंपनीच्या डबीचं वाय-फाय त्यांच्याकडून बंद करून घ्या. घेताना खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' लिहिलंय का तेवढं पाहा. जुन्या स्वस्त राउटरांचे पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जातच नाहीत, मग २०० चा प्लॅन घेऊनही पैसे वाया जातात.

नाव आणि पासवर्ड

वाय-फायच्या नावात फ्लॅट नंबर, आडनाव किंवा राउटरचं मॉडेल घालू नका. 'जोशी ३०४' असं नाव रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणता सिग्नल कोणत्या घरातून येतो ते सांगतं. कंपनीने घातलेलं नाव तसंच ठेवलं तर डबी कोणाची आणि कोणत्या बनावटीची तेही कळतं. आवडत्या फुलाचं, किल्ल्याचं, रागाचं नाव द्या.

आता पासवर्ड. मोबाइल नंबर का नको, याचा हिशोब करून पाहू. वाय-फायची जोडणी होते त्या क्षणी हवेतून जे जातं ते पकडून घरी नेता येतं आणि आपल्या संगणकावर निवांत एकेक पासवर्ड ताडून पाहता येतो. गेमिंगच्या चांगल्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या वर पासवर्ड ताडू शकतं. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. दहा लाखांच्याच वेगाने त्या सगळ्या सव्वा तासाच्या आत संपतात. आठ आकडी जन्मतारीख तर डोळ्यांची उघडझाप होईतो. कुणी तुमचा नंबर ओळखतच असेल तर तेवढंही नको.

वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, आणि इथे लांबीच सर्वांत जास्त कामाला येते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द निवडा आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मधे एखादा आकडा टाका. 'सतरंजी कैरी जिना ४७ कंदील पाटा' असं काहीतरी. नेमका हाच घेऊ नका. स्वयंपाकघरात आणि गच्चीवर डोळे फिरवून स्वतःचे शब्द शोधा. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा टाळा, कारण ओळखीची ओळ अंदाजात येते. आजीला फोनवर सांगता येतो आणि तोडायला अशक्य, असा पासवर्ड हाच उत्तम. 'पी ॲट दि रेट एस डॉलर' छापाचा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने टाइप करताना जीव जातो आणि मग माणसं पुन्हा मोबाइल नंबरवर येतात.

कुलूप कोणत्या जातीचं

'वायरलेस सिक्युरिटी'च्या पानावर बरेच पर्याय दिसतील. १९९० च्या दशकातली 'डब्ल्यूईपी' ही पद्धत २००१ मध्येच मोडली गेली. ती दिसली तरी निवडू नका. २००३ ची 'डब्ल्यूपीए' तात्पुरती होती. २००४ पासूनची 'डब्ल्यूपीए२' आज सगळीकडे चालते, सोबत 'एईएस' निवडा, 'टीकेआयपी' नको. २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए३' आली. तिच्यात वर सांगितलेली युक्ती चालत नाही: हवेतलं पकडून घरी नेलं तरी उपयोग शून्य, प्रत्येक अंदाज राउटरच्या दारात उभं राहून करावा लागतो. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या, म्हणजे नवे फोन नव्या कुलपाने आणि जुना प्रिंटर जुन्याने जोडला जाईल. एखादं जुनं यंत्र त्यावरही हट्ट करत असेल तर 'डब्ल्यूपीए२-एईएस'वर या. लांब पासवर्ड असेल तर तेही भक्कम आहे.

त्याच पानाच्या आसपास 'डब्ल्यूपीएस' सापडेल. बंद करा. बटण दाबून पासवर्डाशिवाय यंत्र जोडायची ही सोय आहे, पण तिच्यासोबत एक आठ आकडी पिनही येतो. ऐकायला दहा कोटी शक्यता वाटतात. मात्र शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो: पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० शक्यता, उरलेल्या तिनांच्या १,०००. म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. ही खोट २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाली. काही नव्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन अडतो, पण तुमच्या डबीचा भरवसा कशाला धरायचा? तुम्ही पाच शब्दांचा पासवर्ड ठेवला आणि हे चालू राहिलं तर दाराला भलं मोठं कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात, त्यांत वेळ घालवू नका. एक, नाव लपवणं. लपवलेलं नाव साध्या मोफत साधनाने दिसतं. उलट तुमचा फोन बाहेर असताना त्या नावाने हाका मारत फिरू शकतो. दुसरा, मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) यादी करून तेवढ्यांनाच आत घेणं. मॅक पत्ता हवेत उघडा जातो आणि त्याची नक्कल सोपी आहे. शिवाय ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता देतात, त्यामुळे घरचाच फोन बाहेर राहायचा.

पाहुणे आणि घरातली 'हुशार' यंत्रं

गणपतीत घरी वीस माणसं येतात. पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीच भाचा विचारतो, "मामा, वाय-फायचा पासवर्ड?" नाही म्हणणं आपल्याला जमत नाही, आणि म्हणूही नये. पण मूळ पासवर्ड वीस फोनांत गेला की तो परत घेता येत नाही. अनेक फोन तो क्लाउडवर जपून ठेवतात, नव्या फोनमध्ये घेऊन जातात. यासाठी 'गेस्ट नेटवर्क' आहे. ते सुरू करा, वेगळं नाव आणि सोपा पण लांब पासवर्ड द्या, आणि पाहुण्यांना आतल्या यंत्रांपर्यंत पोचू देणारा पर्याय बंद ठेवा. तो 'अलाउ लोकल ॲक्सेस' अशा नावाचा असेल तर बंद, 'आयसोलेशन' नावाचा असेल तर चालू. पाहुण्यांना नेट मिळतं, तुमचा लॅपटॉप आणि हार्ड डिस्क दिसत नाही. विसर्जनानंतर तो एकच पासवर्ड बदलायचा, मुख्य नेटवर्कवरचं एकही यंत्र हलत नाही. घरकामाच्या ताईंच्या मुलीला अभ्यासाला नेट हवं असेल तरी हेच नेटवर्क द्या. मनात धाकधूक न ठेवता देता येतं.

याच गेस्टवर स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरा आणि व्हॅक्यूमचा रोबो टाका. गेस्टचा पासवर्ड बदलला की त्यांना नवा द्यावा लागेल, एवढंच. स्वस्त यंत्रांना सुरक्षेच्या दुरुस्त्या फारशा मिळत नाहीत, त्यामुळे त्यांना मुख्य घरात न घेता ओसरीवर ठेवलेलं बरं. ही यंत्रं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. जोडताना अडलं तर गेस्टचा तोच बँड चालू आहे का ते बघा. टीव्ही आणि प्रिंटर मात्र अपवाद. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात.

क्यूआर कोड दाखवून फोन जोडता येतो ही मोठी सोय आहे. पण त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. तो छापून दरवाजासमोर चिकटवू नका आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

वेगासाठी एवढंच

२.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं पण गर्दीचं आहे. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच भागात काम करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतं. टीव्ही आणि लॅपटॉपला ५, बल्बला २.४. इमारतीत गर्दी असेल तर २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनेलांपैकी एक निवडा. मधल्या बऱ्याच चॅनेलांवर रडारसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे राउटर मधेच चॅनेल बदलतो आणि चालू कॉल तुटतो.

वीज जाते तिथे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट यूपीएसशी तंतोतंत जुळले पाहिजेत. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा. फायबरमधून वीज येत नाही, सॉकेटमधून येते.

उरलेली दारं

'रिमोट मॅनेजमेंट' म्हणजे घराबाहेरून राउटरच्या आतलं पान उघडायची सोय. बंद. 'यूपीएनपी'मुळे घरातलं कुठलंही यंत्र न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं. तेही बंद करा. मुलाचा ऑनलाइन गेम अडला तर तेवढ्यापुरता पुन्हा विचार करता येईल. 'फायरवॉल' (बाहेरून आगंतुक येणाऱ्यांना अडवणारं कुंपण) चालू असू द्या, आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांची, वेगळी असेल तर तीही.

'फर्मवेअर' म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर. स्वतःचा राउटर असेल तर आपोआप अपडेटचा पर्याय चालू करा. कंपनीची डबी असेल तर बहुधा कंपनीच दुरून अपडेट पाठवते. पण पाच-सहा वर्षांची डबी असेल तर नवी मागा, अनेकदा मिळते.

घरात लहान मुलं असतील तर 'डीएनएस'च्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअर कंपनीचे पत्ते भरा. घातकी आणि प्रौढांसाठीच्या साइट त्यावर उघडत नाहीत. फक्त घातकी साइट अडवायच्या असतील तर क्वाड९ या मोफत सेवेचा ९.९.९.९ चालेल. काही कंपन्यांच्या डब्यांत हा रकाना बदलता येत नाही, आणि मुलाने मोबाइल डेटा सुरू केला की हे कुंपण संपतं. मुलांशी बोलणं याला पर्याय नाही.

महिन्यातून एकदा पाहायचं

वीजबिल भरायच्या दिवशी राउटरच्या आत जाऊन 'कनेक्टेड डिव्हाइसेस'ची यादी पाहा. पहिल्यांदा नावं कळणार नाहीत. घरातली यंत्रं एकेक करून बंद करा, कोणतं नाव गेलं ते वहीत लिहा. अर्ध्या तासात पूर्ण यादी तयार होते. नंतर अनोळखी नाव दिसलं तर लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका, आधी बनवलेल्या मॅक पत्त्यामुळे घरचाच फोन नव्या नावाने आलाय का ते तपासा. खरंच परकं असेल तर दोन्ही पासवर्ड बदला. त्यानंतरही ते यंत्र परत आलं तर पासवर्ड घरातूनच बाहेर जातोय.

राउटरमधला डीएनएस आपोआप बदललेला दिसला, किंवा बँकेची साइट विचित्र दिसायला लागली, तर राउटर रीसेट करून वहीतल्या माहितीवरून पुन्हा उभा करा. संगणकात काही शिरलं असेल अशी शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनं मोफत आहेत; २०१७ पासून ते चालू आहे. पैसे गेले असतील तर एक क्षणही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

घर बदलताना किंवा नवा राउटर आल्यावर जुना तसाच देऊन टाकू नका. त्याच्या पोटात तुमचं वाय-फाय, ॲडमिन आणि पीपीपीओईचे पासवर्ड असतात. वीज चालू असताना टाचणीने रीसेटचं भोक दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकून पुन्हा लागले की फोनमध्ये पाहा: स्टिकरवरचं मूळ नाव दिसायला हवं. कंपनीची डबी असेल तर ती कंपनीला परत करून पावती घ्या, नाहीतर अनामत रक्कम अडकते. स्वतःची असेल तर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.